आधी फोन आईला लाव

प्रिय मित्रा,

तुझा निरोप वाचला. २६ वर्षांचा तरुण, बौद्धिक अक्षमता, फिट्स येतात, गुरुवारी मेंदूचा एमआरआय. आणि तू विचारतोस, सरळ भूलच द्यायला सांगू का? लागली तर देऊ, त्यात कमीपणा नाही. पण आधी त्याच्या आईला फोन लाव.

तिला विचार: मोठा आवाज सहन होतो का? डोक्याला हात लावलेला चालतो का? न्हाव्याकडे कसा बसतो? हा शेवटचा प्रश्न मी कधीच सोडत नाही. तिथे मान स्थिर ठेवत असेल, तर आपल्याकडेही जमण्याची बरीच आशा असते.

मशीनचा आवाज रेकॉर्ड करून पाठव (कंट्रोल रूममधून, मोबाइल आत नेऊ नकोस हे तुला सांगायला नको). तो १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून घरी आधी बारीक, मग रोज थोडा मोठा लावायचा. मशीनच्या अरुंद बोगद्याची सवय व्हावी म्हणून कॉटखाली चटई टाकून, कानात बोळे घालून पडून राहायचं. गेट, लिफ्ट, गाऊन, मशीन यांचे फोटो क्रमानं पाठव. हेड कॉइलचा, म्हणजे डोक्याभोवती बसवतात त्या साच्याचा, तर नक्कीच. ती पिंजऱ्यासारखी दिसते, त्यानं ती ऐनवेळी पहिल्यांदा बघू नये.

‘फक्त फोटो काढायचाय’ असं कुणी सांगितलं असेल तर आधी ते दुरुस्त कर. फोटो म्हटलं की दोन सेकंदांत उठून बसेल. ‘काही आवाज येत नाही’ हे तर मुळीच नको. एकदा फसवलं की पुढच्या वेळी साधं रक्त घ्यायलाही हात पुढे करत नाहीत.

करदोटा, दंडातला ताईत घरीच काढून ठेवायला सांग. दारात काढायला लावलं की आई घाबरते आणि तिला बघून तोही. डोक्यात पाणी साठलं म्हणून शंट (ते पाणी काढून देणारी नळी) बसवलाय का, हे आवर्जून विचार. काही शंटच्या व्हॉल्व्हचं सेटिंग मशीनच्या चुंबकानं बदलतं, स्कॅननंतर ते तपासून घ्यावं लागतं. आई आत बसणार असेल तर मंगळसूत्र, पिना, तिचीही तितकीच कडक तपासणी.

भूल ठरलीच तर सहा तास खाणं बंद. पण घरचे लोक ‘उपाशी’ ऐकून फिट्सची गोळीही चुकवतात. ती घोटभर पाण्याबरोबर कधी द्यायची, हे भूलतज्ज्ञांकडून आधीच ठरवून घे.

वेळ सकाळची पहिली दे. बोलायचं त्याच्याशी, त्याच्या नावानं. ‘बाळा’ वगैरे नको. बझर हातात देऊन दाबून बघू दे आणि दाबल्यावर तू खरंच आत येतोस हे त्याला दिसू दे. सगळ्यांत गरजेचे सिक्वेन्स (स्कॅनचे वेगवेगळे टप्पे) कोणते ते रेडिओलॉजिस्टना विचारून आधी लाव. मध्येच उठला तरी निदान तेवढे हाती लागतील. प्रत्येक वेळी ‘आता चार मिनिटं’ असं सांग, आणि चारची पाच करू नकोस.

बुधवारी संध्याकाळी मशीन रिकामं असेल, तर त्याला नुसतं बघायला बोलाव. सरांशी मी बोलून ठेवतो.

तुझा,
दादा