डॉक्टरांना विचारा: ताप उतरला, बीपी नॉर्मल, मग रात्रीच यवतमाळला कशाला हलवलं?

प्रश्न: आमचे मामंजी, वय ६४, निमोनिया सांगून तालुक्याच्या दवाखान्यात भरती होते. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, बीपी बी बरोबर, चहा घेतला, आम्ही म्हटलं चला आता सुट्टी होते. रात्री सिस्टर आली, घड्याळ धरून त्यांच्या छातीकडेच पाहत राहिली, कागदावर काहीतरी लिहिलं अन् डॉक्टरले फोन लावला. डॉक्टर म्हणे स्कोअर ७ आला, लगेच ऑक्सिजन लावून १०८ नं यवतमाळच्या मेडिकलले पाठवलं. आता ते घरी आहेत, बरे आहेत, पण पाहुणे म्हणून राहिले का उगाच घाबरवलं, बिल वाढवायचे धंदे. हा स्कोअर काय असते? कागदाचा फोटो पाठवून राहिली.
— एक वाचक, घाटंजी तालुका

उत्तर: ताई, फोटो पाठवला ते बरं केलं, त्यावरूनच सांगतो. ऑक्सिजन लावायच्या आधीचे आकडे आहेत: श्वास मिनिटाला २६, बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ९३, नाडी ११२, वरचं बीपी ११८, ताप ९९.४, पेशंट जागा अन् शुद्धीवर. स्कोअर म्हणजे या आकड्यांना मिळालेल्या मार्कांची बेरीज, पेशंट किती बिघडला ते त्यावरून कळते. आता मार्क बघा. श्वास २५ किंवा जास्त असला की ३, ऑक्सिजन ९२-९३ ला २, नाडी १११ ते १३० ला २, बाकीच्याला शून्य. झाले ७. इथं मार्क जितके जास्त तितकं वाईट. ५ झाले की डॉक्टरनं तातडीनं येऊन पाहायचं, ७ झाले की इमर्जन्सी, पेशंटवर सतत नजर ठेवायची अन् आयसीयूवाल्यांना कळवायचं. तिथं आयसीयू नसेल तर गाडी बोलवायचीच, दुसरं काय करणार.

आता तुमच्या पाहुण्यांचा मुद्दा, बीपी तर चांगलं होतं. छातीत इन्फेक्शन वाढलं की शरीर आधी श्वास वाढवतं, मग हृदय जोरात पळवतं, रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवतं, आणि हे सगळं थकलं की मग बीपी पडतं. म्हणजे बीपी पडायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. अन् ताप तर पॅरासिटामॉलनं बी उतरते, आतला आजार तसाच राहते.

हे काही नवीन खूळ नाही, १९९७ मध्ये इंग्लंडच्या ग्रेट यार्मथमधल्या डॉक्टरांनी असा स्कोअर पहिल्यांदा मांडला, २०१२ मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं पूर्ण देशासाठी एकच तक्ता काढला, त्याला न्यूज म्हणजे नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर म्हणतात, २०१७ मध्ये तो सुधारला, तुमच्या कागदावर तोच आहे. यात बिल वाढण्यासारखं काय आहे? घड्याळ, थर्मामीटर, बीपीचं मशीन, बोटाचं मशीन अन् एक कागद. मला विचाराल तर त्या रात्रीचं सगळ्यात मोठं काम सिस्टरनं केलं, पूर्ण एक मिनिट श्वास मोजला. कितीतरी वॉर्डात चार्ट उघडून पाहा, ओळीनं सगळ्यांचा श्वास २० लिहून ठेवलेला, मोजलेला कोणाचाच नसतो.

२०१७ च्या सुधारणेत एक गोष्ट वाढवली, ती घरच्यांनी ध्यानात ठेवावी: नव्यानं आलेला गोंधळ. कालपर्यंत नीट बोलणारा म्हातारा माणूस वॉर्डात पडल्या पडल्या "बैल बांधले का रे" विचारून राहिला, अन् बैल तर कधीचे विकले, तर म्हातारपण म्हणून सोडू नका, याला एकट्याला ३ मार्क आहेत. हे सिस्टरपेक्षा तुम्हालाच आधी कळते, तिला काय माहीत तुमच्या घरचे बैल.

पण हा तक्ता सगळ्यांना लागू नाही. १६ च्या आतली लेकरं अन् गरोदर बाया यात मोडत नाहीत, त्यांचे आकडे वेगळे. जुना दमा-सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या आवळण्याचा फुप्फुसाचा आजार) असून ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो त्यांच्यासाठी ऑक्सिजनची वेगळी पट्टी आहे, ८८ ते ९२ ची. अन् आपल्याकडे पावसाळ्यात मण्यार चावलेले पेशंट येतात, त्यांच्यात पापण्या जड होणं, गिळता न येणं, मान न सावरणं ही लक्षणं आधी दिसतात, ती या स्कोअरमध्ये कुठंच मोजत नाहीत. तिथं स्कोअर २ आला म्हणून निवांत बसू नये.

प्रश्न: पेशंट बिघडून राहिला असं वाटलं तर सिस्टरला काय सांगावं? नुसतं "बरं वाटत नाही" म्हटलं तर ऐकत नाहीत.
— एक वाचक, दारव्हा

उत्तर: आकडा सांगा. पेशंट शांत पडलेला असताना, त्याला न सांगता, पोट-छाती वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. "सिस्टर, मघाशी श्वास १८ होता, आता २६ आहे, अन् बोलताना धाप लागून राहिली" असं म्हटलं तर सहसा कोणी बसून राहत नाही. तरी कोणी आलंच नाही तर ड्यूटी डॉक्टरचं नाव विचारा अन् त्यांनाच फोन लावायला सांगा. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स नावाची १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये दगावली, आईबाप काळजी सांगत होते ती मनावर घेतली गेली नाही, त्यानंतर २०२४ पासून तिथं मार्थाज रूल सुरू झाला, घरचे लोक थेट दुसऱ्या टीमला बोलावू शकतात. आपल्याकडे तसा फोन नंबर भिंतीवर लावलेला नसतो, म्हणून आवाज थोडा चढवावा लागला तर चढवा, भांडू मात्र नका. अन् बोटाच्या मशीनवर आकडा एकदम कमी दिसला तर आधी नेलपेंट पुसा, गार पडलेला हात चोळून गरम करा, दुसऱ्या बोटाला लावून पाहा. पण तोपर्यंत सिस्टरला हाक मारून ठेवा.