टाकी फुगते पण गॅस पेटत नाही : आधी खरकटे घालणे थांबवा

आपण लिहिले आहे की, नाशिकच्या घराच्या गच्चीवर हजार लिटरचे तरंगत्या टाकीचे बायोगॅस संयंत्र बसवून सात आठवडे झाले, वरची टाकी रोज उचलली जाते, परंतु शेगडीजवळ काडी धरली तर काडीच विझते. टाकीपाशी आंबट, उग्र वास येतो, विक्रेता खरकटे वाढवायला सांगतो आणि अनुदानाची पाहणी पंधरा दिवसांवर आली आहे. यातील प्रत्येक गोष्ट २०१६ च्या मे महिन्यात कराडच्या आमच्या घरी घडलेली आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. खालच्या टाकीत खरकटे कुजते, तीत उलटी बसवलेली वरची टाकी साठणाऱ्या गॅसने उचलली जाते, आणि गॅस करणारे जिवाणू यावेत म्हणून सुरुवातीला शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेले शेण, घालतात, हे आपणास माहीत असणारच, त्यामुळे त्यात अधिक शिरत नाही. मी अभियंता नाही. माझा अनुभव एका घरच्या टाकीचा आहे आणि जमिनीखालच्या पक्क्या घुमटाच्या संयंत्राला तो जसाच्या तसा लागू पडेल असे मी म्हणणार नाही.

आमची टाकी मार्चमध्ये बसली आणि एप्रिलच्या मध्यावर निळी ज्योत दिसू लागली. रोज किलोभर खरकटे आणि त्यावर वीस-पंचवीस मिनिटांची ज्योत, असा तो क्रम होता, आणि तो तसाच चालू ठेवला असता तर पुढचे काहीही घडले नसते. मात्र ज्या कार्यालयात अनुदानाचा अर्ज दिला होता, तेथून निरोप आला की, मेच्या शेवटच्या आठवड्यात पाहणी होईल आणि त्या वेळी अर्धा तास अखंड ज्योत दाखवावी लागेल. मी विक्रेत्याला फोन केला, त्याने "जास्त घाला, जास्त गॅस मिळेल" असे सांगितले, आणि मी ते ऐकले. घरात नुकतीच पुतण्याची मुंज झाली होती. उरलेला भात, आमरसाची पातेली धुतलेले पाणी, आंब्याच्या साली असे रोजचे सात-आठ किलो मी तीन दिवस टाकीत घातले. वरची टाकी एवढी वर आली की शेजारी बघायला आले. चौथ्या दिवशी ज्योत गेली. टाकी उपाशी आहे असे समजून मी पाचव्या दिवशीही खरकटे घातले, आणि माझी सर्वांत महाग पडलेली चूक ही पाचव्या दिवसाची आहे.

टाकीत दोन तऱ्हेचे जिवाणू एकामागून एक काम करतात. पहिले पिष्ट आणि साखर फोडून त्यांची आम्ले करतात, आणि दुसरे त्या आम्लांपासून मिथेन हा जळणारा वायू तयार करतात. पहिले भराभर वाढतात. दुसरे फार सावकाश वाढतात आणि त्यांना आंबटपणा सोसत नाही. भात आणि आंबा यांसारखे झटकन कुजणारे अन्न एकदम पडले की आम्ले साचतात, सामू (पीएच; आंबटपणा जितका जास्त तितका हा आकडा कमी) उतरतो, मिथेन करणारे जिवाणू मंदावतात, आम्ले खाणारे कोणी उरत नाही आणि सामू आणखी उतरतो. टाकी मात्र फुगतच राहते, कारण पहिल्या टप्प्यातही पुष्कळ वायू सुटतो. तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असतो आणि म्हणूनच आपली काडी विझते. चांगल्या गॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के असते. टाकीची उंची म्हणजे गॅसची प्रत नव्हे, हे मला त्या वेळी कोणी सांगितले असते तर माझा पावसाळा वाचला असता.

पाहणीला आलेल्या गृहस्थांनी दहा मिनिटे शेगडीपाशी उभे राहून कागदावर "संयंत्र बंद" असे लिहिले आणि ते निघून गेले. फेरपाहणीसाठी मी त्या कार्यालयात चार वेळा गेले. प्रत्येक वेळी वेगळा कागद मागितला गेला, आणि चौथ्या वेळी सांगण्यात आले की अर्ज मुळात खरेदीच्या आधी करायला हवा होता. ही अट छापील अर्जावर कोठेही नव्हती. अनुदान बुडाले याचे मला तेवढे वाईट वाटत नाही. एका तारखेच्या धाकाने मी जिवंत गोष्टीला घाई केली आणि पुढचे तीन महिने ती टाकी नुसती वास मारत उभी राहिली, याचे वाटते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, अनुदान मिळाले तर उत्तम, पण त्यावर हिशेब बांधून संयंत्र घेऊ नये. आपण आजच त्या कार्यालयाला पाहणी महिनाभर पुढे ढकलण्याचे लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या; तोंडी आश्वासनावर थांबू नका.

आता उपाय. खरकटे पूर्णपणे बंद करा, अगदी चमचाभरही नको. औषधांच्या किंवा शेतीसाहित्याच्या दुकानात सामू पाहण्याच्या कागदपट्ट्या मिळतात. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू ६.८ ते ७.४ च्या दरम्यान असला पाहिजे. माझा ५.५ च्या आसपास निघाला होता. मी प्रथम चुन्याची निवळी घातली, पण चुना जरा जास्त झाला की सामू एकदम उडी मारतो. त्यापेक्षा खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून, थोडा थोडा, दिवसाआड सामू पाहत घालणे मला सौम्य वाटते. खरा गुण मात्र विरजणाने आला. आमच्या सासूबाईंनी सांगितले की दही बिघडले तर त्यात साखर घालून काय उपयोग, चांगले विरजणच आणले पाहिजे. गावाकडे एका शेतकऱ्याचा गोबरगॅस वर्षानुवर्षे चालू होता. त्याच्या टाकीतून बाहेर पडणारा ताजा काला आम्ही कॅनमधून आणला, आमच्या टाकीतील एक तृतीयांश पाणी काढून तेथे तो भरला आणि तीन आठवडे हात लावला नाही. त्यानंतर मूठभर पिठाच्या पाण्याने सुरुवात करून दर आठवड्याला थोडे थोडे वाढवले.

खरकट्यावर चालणारी ही लहान टाकी शेणावरच्या टाकीपेक्षा अधिक नाजूक असते, हे विकताना सांगितले जात नाही. ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी हे संयंत्र विकसित केले, त्याला २००६ साली शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ब्रिटनमधील अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला, आणि त्यामागची कल्पना मला आजही फार सुंदर वाटते : शेण हे जनावराने आधीच पचवलेले अन्न आहे, तर पिष्टमय खरकट्यात न वापरलेली ऊर्जा शिल्लक असते, म्हणून दोन किलो पिष्टमय पदार्थांत जेवढे काम होते त्याला शेण चाळीस किलो लागते. पण ज्या गुणामुळे ही टाकी लहान होऊ शकली, त्याच गुणामुळे ती लवकर आंबते.

आपल्याकडे आता थंडी आहे, हेही विसरू नका. पंधरा-सोळा अंशांच्या रात्री हे जिवाणू पेंगतात, त्यामुळे उन्हाळ्यात जे खाणे पचते ते डिसेंबरमध्ये पचत नाही. टाकी दिवसभर उन्हात राहील अशा जागी असावी आणि कालवायला कोमट पाणी घ्यावे. लिंबू-संत्र्यांच्या साली, हाडे आणि फिनेलने धुतलेल्या भांड्यांचे पाणी टाकीत जाऊ देऊ नका. गॅसच्या नळीत पाणी साचते, म्हणून तिला टाकीकडे उतार द्या. दोन टाक्यांमधल्या फटीत डास होतात. तेथे बारीक जाळी बांधा. साठलेला न पेटणारा वायू मोकळ्या हवेत सोडून द्या, त्या वेळी जवळ तोंड नेऊ नका, आणि ज्योतीची चाचणी टाकीच्या तोंडाशी कधीही करू नका. ती शेगडीवरच करावी.

शेगडी सिलिंडरची जुनीच वापरत असाल, तर तिचे छिद्र मोठे करून घेतले आहे का, हेही कळवा, कारण चांगला गॅससुद्धा त्या बारीक छिद्रातून नीट जळत नाही. त्याबरोबर उद्या सकाळचा सामू, टाकीवर ऊन किती तास येते आणि गेल्या आठवड्यात रोज काय व किती घातले, एवढे लिहा, म्हणजे सोडा किती घ्यावा याचा अंदाज मला सांगता येईल.