रेल्वे अलाइनमेंट (रुळांच्या मार्गाची आखणी) शिकताय? आधी एवढं करा

नाशिकरोड ते इगतपुरी पट्टा सरावाला घेतलास, छान. पुढचा थळ घाट सध्या सोड, 1:37 ची चढण नवख्याचं काम नाही.

सिव्हिल थ्रीडी या आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा यूटीएम झोन 43 उत्तर (या भागाची नकाशा-निर्देशांक पद्धत) लाव, गेज (दोन रुळांमधलं अंतर) 1676 मिमी कर. वक्र हलवायला अलाइनमेंट फोडून पॉलिलाइन (साधी जोडरेषा) करू नकोस; बहुतेक जण इथेच घसरतात! पीआय (दोन सरळ रेषा छेदतात तो बिंदू) ओढ, फ्री वक्र (दोन्ही बाजूंच्या रेषांना बांधलेला) असेल तर स्पर्शरेषा आपोआप जुळून राहतात. आणि हो, आपल्या रेल्वेत संक्रमण वक्र (सरळ भाग आणि वळण जोडणारा) क्यूबिक पॅराबोलाचा, क्लोथॉइडचा नव्हे.

लँडएक्सएमएल (आखणी दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्याची फाइल) काढलीस की कोऱ्या ड्रॉइंगमध्ये उघडून तपास:
- सुरुवातीचं चेनेज (मार्गावर मोजलेलं अंतर)
- त्रिज्या आणि संक्रमणाची लांबी

कँटचं (वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवण्याचं) नंतर बघू. अडलास तर फाइल पाठव.