पत्नी नाही, नोकरी गेली, रेशनकार्ड गावी: नवी मुंबईत मुलांच्या खाण्याची सोय कशी होईल?

दादा, तुम्ही लिहिलंय की दिघ्यात भाड्याच्या खोलीत राहता, पत्नी मागच्या वर्षी गेल्या, रबाळ्याची कंपनी बंद पडल्यापासून पगार नाही. मुलगी दहा वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, आणि रेशनकार्ड जालन्याकडच्या गावात. शेवटी विचारलंय, "सगळ्या योजना बायकांच्याच, एकट्या बापाला धान्य, जेवण काही मिळतं का?"

मिळतं. मी ठाण्यात बरीच वर्षं अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे, पण वस्तीतले लोक अजून कागद घेऊन घरी येतात. त्यामुळे जे सांगते ते रोजच्या कामातलं आहे.

आधी आजचं बघू. घरात आज काहीच नसेल तर मुलांना घेऊन सरळ गुरुद्वाऱ्यात जा. ठाण्यात तीन हात नाक्याला आहे, नवी मुंबईत वाशीला आहे. लंगरमध्ये नाव, जात, कार्ड काही विचारत नाहीत. डोकं झाकायचं, पंगतीत बसायचं, पोटभर जेवायचं. दुसरी सोय शिवभोजन थाळीची, दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात. ही योजना 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली. मधल्या काळात काही केंद्रं बंद झाली, काही चालू राहिली, म्हणून तुमच्या जवळचं केंद्र उघडं आहे का ते चौकशी करूनच जा. ही थाळी दुपारचीच असते, संध्याकाळी जाऊन उपयोग नाही.

आता मुख्य गोष्ट, रेशन. गावचं कार्ड कुणाच्याही सांगण्यावरून रद्द करू नका आणि घाईने इकडे बदलूनही घेऊ नका. हे मी ठासून सांगते, कारण एजंट पहिला सल्ला हाच देतात. रेशनचं धान्य मिळतं ते 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने. त्यात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातले 76.32 टक्के लोक धरले आहेत, शहरी भागातले फक्त 45.34 टक्के. म्हणजे गावात चारातले तीन आत, शहरात निम्मेही नाहीत. त्यात शहरात 'प्राधान्य कुटुंब', म्हणजे या धान्याला पात्र कुटुंब, ठरायला वर्षाचं उत्पन्न 59,000 च्या आत लागतं, महिन्याला पाच हजारांपेक्षाही कमी. एवढ्यात दिघ्यात खोलीचं भाडं आणि लाइटबिल तरी भागतं का? आणि उत्पन्न बसलं तरी खिडकीवर "इष्टांक भरलाय" हे उत्तर मिळू शकतं, म्हणजे जागा रिकामी नाही. हातातलं कार्ड सोडून त्या रांगेत कशाला उभं राहायचं?

कार्ड गावी असलं तरी धान्य इथे मिळतं. 'एक देश एक रेशनकार्ड' म्हणतात ते हेच. दिघ्यातल्या, ऐरोलीतल्या, कुठल्याही रेशन दुकानात जा, कार्डाचा बारा आकडी नंबर किंवा आधार नंबर सांगा, ई-पॉस मशीनवर अंगठा लावा. तुमचं प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी महिन्याला 5 किलो, गहू-तांदूळ मिळून. अंत्योदय, म्हणजे अगदी गरीब कुटुंबांचं कार्ड, असेल तर कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे, आणि जानेवारी 2024 पासून पुढची पाच वर्षं मोफतच राहील असं केंद्राने ठरवलं आहे. दुकानदाराने धान्याचे पैसे मागितले किंवा "सोबत रवा-तेल घ्या तरच धान्य" म्हटलं, तर ते घ्यायचं काही बंधन नाही. मशीनची पावती मागा. पावतीवर किती किलो लिहिलंय आणि पिशवीत किती पडलंय, तिथेच ताडून बघा.

एक गोष्ट मात्र अडू शकते. कार्डाचा रंग बघून काही कळत नाही, शिक्का बघावा लागतो. केशरी कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का असेल तर धान्य आहे, नसेल तर बहुतेक नाही. तुमचा जालना जिल्हा त्या चौदा जिल्ह्यांत येतो, जिथे एपीएल (दारिद्र्यरेषेच्या वरच्या) केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी रोख पैसे खात्यात जातात. आधी माणशी महिना 150 रुपये होते, पुढे 170 झाले. हे पैसे कुटुंबातल्या महिलाप्रमुखाच्या खात्यात जमा होतात. तुमचं कार्ड त्या प्रकारचं असेल आणि खातं पत्नीच्या नावाचं असेल, तर ते पैसे थांबलेले असणार. गावच्या तहसीलमधल्या पुरवठा शाखेत भावाला किंवा ओळखीच्या कुणाला पाठवून आपलं कार्ड नेमकं कुठल्या प्रकारात आहे ते आधी काढून घ्या. इथे बसून 'मेरा राशन' ॲपवरही आधार टाकून कार्डाचा प्रकार, त्यातली नावं आणि कुठल्या महिन्यात किती उचललं ते दिसतं. मुलीला मोबाईल येत असेल तर तिला सोबत घेऊन बघा.

दुकानदार कधी "तुमचं कार्ड इथलं नाही", कधी "सर्व्हर डाऊन आहे" म्हणतात. त्यांचीही एक अडचण असते. माल त्यांच्याकडे जोडलेल्या कार्डांच्या हिशोबाने येतो, महिनाअखेरीला बाहेरच्याला द्यायला त्यांचा हात आखडतो. म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच जा. तरी नाही म्हटलं तर भांडू नका, तिथेच उभं राहून 1967 किंवा 14445 ला फोन लावा. फोन लागला की बऱ्याचदा मशीनही चालू होतं.

अंगठ्याचं एक सांगते, कारण कंपनीत, लोखंडात काम केलेल्या माणसांचे ठसे झिजतात. एक बोट नाही घेतलं तर दुसरं लावून बघा. कार्डातल्या कुठल्याही सदस्याचं बोट चालतं, त्यामुळे मुलीचंही चालेल. पण पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारवर मुलांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ते आधार केंद्रात जाऊन द्यावे लागतात. मुलीचे दिलेत का ते तपासा. नसतील तर आत्ताच द्या, पुढे ई-केवायसीला, म्हणजे आधारवरून ओळख पटवायला, ते लागणारच. कार्डातल्या प्रत्येक सदस्याची ई-केवायसी करायची असते आणि ती इथल्या दुकानातही होते, गावी जायची गरज नाही.

आता कार्डावर पत्नीचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून असेल, त्याविषयी. अनेक पुरुषांना वाटतं की बाई गेली म्हणजे कार्ड गेलं. तसं नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 13 मध्ये घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख, असं आहे. पण घरात अशी स्त्री नसेल आणि अठराच्या आतली मुलगी असेल, तर सर्वांत मोठा पुरुष कुटुंबप्रमुख होतो, असंही त्याच कलमात लिहिलं आहे. मुलगी अठराची झाली की प्रमुखपद तिच्याकडे जातं. म्हणजे कायदा करताना तुमच्यासारख्या घराचा विचार झालेला आहे, कुणी मेहेरबानी करत नाहीये. मृत्यूचा दाखला जोडून नाव कमी करण्याचा आणि प्रमुख बदलण्याचा अर्ज करा. पण तो होईपर्यंत धान्य थांबवायचं कारण नाही, तुमच्या अंगठ्यावर ते मिळत राहतं. पत्नीच्या वाट्याचं धान्य मात्र बंद होईल, तरी तो अर्ज लांबवू नका. गेलेल्या माणसाचं नाव ठेवलं तर नंतर चौकशीत अख्खं कार्ड अडकतं.

कधी पुढेमागे कार्ड इकडे आणायचंच ठरलं, तर एवढं ध्यानात ठेवा की दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो आणि तिथे शिधावाटप कार्यालयात काम होतं. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे हे सगळं नवी मुंबई म्हणून ओळखलं जात असलं तरी रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात आहे, तिथल्यांनी पनवेल तहसीलला जायचं. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही सांगते, चुकीच्या कार्यालयात लोकांचे दिवसच्या दिवस जातात.

मुलांकडे येते. हा माझ्या जवळचा विषय आहे.

चार वर्षांच्या मुलाला उद्याच अंगणवाडीत घाला. महापालिकेची बालवाडी वेगळी आणि अंगणवाडी वेगळी, हे लक्षात ठेवून विचारा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे रोज गरम ताजा आहार मिळतो आणि मोफत मिळतो. त्यात किती कॅलरी आणि किती प्रथिनं असावीत हे नियमाने ठरलेलं असतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना घरी न्यायचा आहार असतो, त्याला आमच्यात टीएचआर म्हणतात. मुलाचं वजन फारच कमी असेल तर जास्तीचा आहार त्याचा हक्क आहे. म्हणून पहिल्याच दिवशी त्याचं वजन-उंची मोजून घ्यायला सांगा, आणि आकडे तुमच्याकडेही लिहून ठेवा. अंगणवाडीला रेशनकार्ड लागत नाही, गावचं-इथलं असा भेद नाही. मुलाचा जन्मदाखला आणि आधार असतील तर न्या, पण एखादा कागद नाही म्हणून घरी बसू नका.

माझ्या अंगणवाडीत येणारे एकटे वडील दाराबाहेर उभे राहायचे, चपला न काढता. आत बायका बसलेल्या, आपण कसं जायचं, असा संकोच. मुलाला आत ढकलायचे आणि निघून जायचे, आहाराचं कधी विचारायचे नाहीत. आणि आमच्यातल्याही काही जणी "याची आई कुठंय?" असं मुलासमोर विचारायच्या. ते ऐकून एखादा बाप परत यायचाच नाही. तुम्हाला कुणी असं विचारलं तर सरळ सांगा, "मीच आहे, जे सांगायचं ते मला सांगा." सेविकेला तुमचा फोन नंबर द्या. पालकांची बैठक असेल तेव्हा जा. चार वेळा दिसलात की संकोच दोन्हीकडून जातो, आणि लसीकरण, वजन, सगळ्याचा निरोप तुम्हाला यायला लागतो. अंगणवाडी काही तासच चालते, दिवसभराचं पाळणाघर नाही ते. कामाला लागलात की उरलेल्या वेळेसाठी शेजारी कुणाची तरी मदत लागेल, ते आत्ताच बोलून ठेवा.

मुलगी कुठल्या शाळेत आहे ते तुम्ही लिहिलं नाही. महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर पहिली ते आठवीपर्यंत दुपारचा शालेय पोषण आहार मिळतो. पाचवीपर्यंत मुलामागे 100 ग्रॅम धान्य, सहावीपासून 150 ग्रॅम. विनाअनुदानित खासगी शाळेत हे नसतं, आणि आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) खासगी शाळेत प्रवेश मिळालेल्या मुलांनाही नसतं. अशा शाळेत असेल आणि फीसुद्धा थकत असेल, तर येत्या वर्षी महापालिकेच्या शाळेचा विचार करा. नवी मुंबई महापालिकेच्या शाळा कमी दर्जाच्या समजायचं कारण नाही, आणि दुपारचं एक जेवण पक्कं होतं. आणखी एक विनंती, मुलीला डब्यासाठी, भावाच्या जेवणासाठी शाळा बुडवू देऊ नका. आई गेलेल्या घरात दहा वर्षांची मुलगी कधी चुलीपाशी गेली ते कळतसुद्धा नाही. वरण-भात, खिचडी तुम्ही शिका. रेशनच्या तांदळाला मूगडाळ लावली की तिघांचं भागतं.

पैशांच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते बऱ्याच अंशी खरं आहे. लाडकी बहीण महिलांसाठीच आहे, संजय गांधी निराधार योजनेत निराधार विधवा बसते, धडधाकट विधुर बसत नाही. पण क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना एक पालक गमावलेल्या मुलांसाठी आहे. आई गेली की वडील, असा त्यात फरक नाही. दर मुलामागे महिन्याला 2,250 रुपये, अठरा वर्षांपर्यंत. 2023 मध्ये रक्कम वाढून एवढी झाली, आधी 1,100 होती. तुमच्या दोन मुलांचे साडेचार हजार होतात. अर्ज ठाण्याच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा, पुढे बालकल्याण समिती मुलांना आणि तुम्हाला बोलावून आदेश काढते. पत्नीचा मृत्यूचा दाखला, सगळ्यांचे आधार, राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, मुलीचा शाळेचा बोनाफाइड, मुलांसोबत घरासमोर काढलेला फोटो, बँकेचं पासबुक, हे सगळं एका फाइलमध्ये लावून न्या. पैसे लगेच येत नाहीत, कधी कधी बरेच महिने लागतात. तेवढ्यासाठीच आजच अर्ज टाका. यात एजंट लागत नाही, फॉर्मला पैसे पडत नाहीत.

भाड्याच्या खोलीचा करार नसेल तर राहण्याच्या पुराव्यासाठी खोलीमालकाशी आधी बोला, किंवा दिघ्याचा पत्ता आधारवर चढवून घ्या. आधारवरचा पत्ता बदलला म्हणून गावचं रेशनकार्ड बंद होत नाही. अंगणवाडीत जाऊन आलात की इथेच खाली लिहा, आणि त्यांनी मुलाला घ्यायला नकार दिला तर पर्यवेक्षिकेचं नाव विचारून ठेवा. पुढचा अर्ज कसा लिहायचा ते मी सांगते.