स्वीडनमधली द्राक्षबाग बघायला जाताय? पीत नसलात तरी जाच!

प्रश्न: ताई नमस्कार, मी आणि मिस्टर सप्टेंबरमध्ये महिनाभर लेकीकडे माल्मोला चाललोय. तिथून तासाभरावर एका नवराबायकोची छोटी द्राक्षबाग आहे, वाइनही तेच घरच्या घरी करतात म्हणे, लेकीने आम्हाला तिथे न्यायचं ठरवलंय. मला प्रश्न पडलाय की एवढ्या थंडीत द्राक्षं पिकतातच कशी? दुसरं, आम्ही दोघंही पीत नाही, मग तिथे जाऊन करायचं काय, त्यांना वाईट तर नाही ना वाटणार? आणि जावयांसाठी दोन बाटल्या घ्यायच्यात, पण लेक म्हणते स्वीडनमध्ये वाइन फक्त सरकारी दुकानातच मिळते, मग?

उत्तर: अहो, नक्की जा! आणि वेळही अगदी छान साधलीत. जमलं तर महिन्याच्या शेवटाकडची तारीख घ्या, तेव्हा घड भरलेले असतात आणि तोडणी तोंडावर आलेली असते.

माल्मो म्हणजे स्कोने, स्वीडनचं दक्षिण टोक, जवळजवळ ५५.६ अंश उत्तर. पण या भागाला तीन बाजूंनी समुद्र आहे आणि समुद्र हळूहळू गार होतो, त्यामुळे शरद ऋतूतली पहिली कडक थंडी जरा लांबते आणि द्राक्षांना तेवढे जास्तीचे दिवस मिळतात. शिवाय जूनमध्ये तिथे दिवस साडेसतरा तासांचा असतो, पानांना ऊन घ्यायला वेळच वेळ. तरीही वेल साधा चालत नाही हं, लवकर पिकणाराच लागतो. तुम्हाला तिथे बहुतेक सोलारिस दिसेल, ही पांढरी जात जर्मनीत फ्रायबुर्गच्या संशोधन केंद्रात १९७५ मध्ये तयार केलेली, लवकर पिकते, साखर भरपूर धरते आणि भुरी-केवडा या बुरशीच्या रोगांना बऱ्यापैकी दाद देत नाही, म्हणून फवारणीही कमी लागते. थंड देशातल्या छोट्या शेतकऱ्याला ही जात म्हणजे मोठाच आधार आहे असं माझं मत.

खरा घोर असतो तो मे महिन्याचा. वेलीवरचे डोळे, म्हणजे अंकुर, फुटून कोवळी फूट बाहेर आलेली असते आणि एखाद्या रात्री पारा शून्याच्या खाली जातो. मी २०२४ मध्ये तिकडच्याच एका बागेत गेले होते, तिथल्या मालकीणबाईंनी मला कोठीत रचून ठेवलेले मेणाचे डबे दाखवले, पेंटच्या डब्याएवढे, अशा रात्री पहाटे उठून फुटीला ऊब मिळावी म्हणून ते ओळींमधून पेटवायचे आणि सूर्य वर येईपर्यंत राखत बसायचं. फूट जळली तर शेजारचा राखीव डोळा फुटतो पण त्याला घड कमीच येतात, म्हणजे वर्षाचं पीक एका रात्रीत निम्मं. हे त्या सांगत होत्या तेव्हा त्यांचा हात आपोआप वेलीवर गेला, ते मी अजून विसरले नाहीये.

आता न पिण्याचं. अजिबात संकोच करू नका, लेकीला बुकिंग करतानाच सांगायला सांगा, म्हणजे जिथे द्राक्षाचा रस वगैरे असेल तिथे तो काढून ठेवतील. टेस्टिंगला वाइन थुंकायला भांडं ठेवलेलंच असतं, जाणकार लोकसुद्धा थुंकतात, त्यामुळे नुसता वास घेऊन ग्लास खाली ठेवलात तरी कुणाला काही वाटत नाही. आणि बघायला तिथे कितीतरी असतं! मालकीणबाईंना विचारून एक मणी खा (न विचारता तोडू नका, छोट्या बागेत प्रत्येक घड मोजून असतो, पक्ष्यांपासून वाचवायला जाळी लावलेली असते ती त्यासाठीच). मग बी बघा. हिरवट असेल तर अजून वेळ आहे, तपकिरी आणि दाताखाली कडक लागली तर पिकलंय. साखर मोजायची छोटी नळी असते, काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, झाकण पाडायचं आणि आभाळाकडे धरून डोळा लावायचा, आत आकड्यांवर निळ्या-पांढऱ्याची सीमा दिसते. मिस्टरांना द्या हातात, खूश होतील! थंडीत मण्यातलं आंबट आम्ल हळू कमी होतं, म्हणून तिथली वाइन हिरव्या सफरचंदासारखी आंबटसर लागते आणि म्हणूनच बरेच जण तिच्यापासून फसफसणारी वाइन करतात, हे मला आजूबाजूच्यांचं बोलणं ऐकून आणि रस चाखूनच कळलं. मात्र रस आंबत असेल तेव्हा टाकीवर वाकून वास घेऊ नका, कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, बंद खोलीत तर धोकाच.

बाटल्यांचं म्हणाल तर तुमची लेक चूक नाहीये, सिस्टेमबोलागेट या सरकारी दुकानांचा तिथे मक्ताच आहे, मी गेले तेव्हा मला एक बाटली फार आवडली होती पण बागेतून घेता आलीच नाही. आता मात्र १ जून २०२५ पासून कायदा बदललाय, छोट्या उत्पादकाला आपल्या जागेवरून विकता येतं, अट एवढीच की तुम्ही पैसे भरून बाग दाखवण्याचा किंवा माहितीचा कार्यक्रम घेतलेला हवा, आणि वाइन माणशी ३ लिटरपर्यंतच, म्हणजे नेहमीच्या चार बाटल्या. तुमच्या दोन आरामात बसतात. पण प्रत्येक बागेने परवाना घेतलेला असेलच असं नाही, तेही बुकिंगच्या फोनवरच विचारून घ्या.

बूट जाड तळव्याचे घाला, सकाळी गवत दवाने चिंब असतं. आणि गाडी जावई चालवणार असतील तर त्यांना टेस्टिंग घरी आल्यावरच करू द्या, तिथे गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.२ प्रोमिल (म्हणजे हजारात ०.२ भाग) आहे, एका ग्लासातही अडचण होऊ शकते. आल्यावर मात्र मला नक्की कळवा, बी कोणत्या रंगाची निघाली ते!