रिमास्टर घेण्याआधी आवाज जुळवून ऐक

‘रिमास्टर्ड’, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणावर नव्याने अंतिम हात फिरवलेला, असा शिक्का पाहून लगेच अल्बम घेऊ नकोस. जुनी आणि नवी आवृत्ती ताडून बघताना आधी दोन्हींचा आवाज सारखा कर. जरा मोठं वाजणारं कानाला सरस वाटतं, तिथेच फसगत होते. मग ड्रमचा ठोका ऐक. कॉम्प्रेशन, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणं, अति झालं की हळुवार जागा वर येतात, ठोके चेपले जातात, कान लवकर शिणतात. मेटॅलिका या मेटल बँडचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बम घे: सीडीवर आवाज फाटतो, तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये कितीतरी मोकळी वाजतात. वादन तेच, कॉम्प्रेशन वेगळं! एमपी थ्रीच्या कॉम्प्रेशनशी मात्र याची गल्लत करू नकोस, तिथे फाइल लहान होते. आणि गाडीच्या गोंगाटात ऐकायचं असेल, तर थोडं कॉम्प्रेशन उपयोगीच पडतं.