महामारीचा फटका देशाच्या सगळ्या निर्यात क्षेत्रांना सारखाच बसतो का?

नाही, ज्या मालाची खरेदी पुढे ढकलता येते त्याची निर्यात आधी आणि अधिक कोसळते, तर औषधे व धान्य तगून राहतात, किंबहुना वाढतातही. वाणिज्य मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार एप्रिल 2020 मध्ये भारताची वस्तुनिर्यात आदल्या एप्रिलच्या तुलनेत सुमारे 60 टक्क्यांनी घटली; रत्ने व दागिन्यांची तर जवळजवळ थांबलीच, कारण वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरेबाजार आणि अंधेरीच्या सीप्झ या निर्यातीसाठीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने बंद, परदेशी गिऱ्हाईक घरात अडकलेले आणि हा माल नेणारी बहुतेक प्रवासी विमाने जमिनीवर, अशी तिहेरी कोंडी झाली होती. याउलट 2020-21 या आर्थिक वर्षात औषधांची आणि तांदळाची निर्यात वाढली. मात्र मागणी टिकली म्हणजे निर्यात टिकतेच, असे नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियावरील गोळीला जगभर मागणी असताना मार्च 2020 मध्ये सरकारनेच तिच्या निर्यातीवर निर्बंध घातले (ते पुढच्याच महिन्यात सैल झाले, हे खरे), आणि वर्षअखेरीस कंटेनरच्या टंचाईमुळे जहाजभाडे इतके चढले की न्हावा-शेवा बंदरातून स्वस्त पण अवजड माल पाठवणाऱ्यांना ऑर्डर हातात असूनही नफ्याचे गणित जुळवणे कठीण झाले.